पानाखालचे ठिपके

मार्च महिन्यात धुळ्यात नेचा कुठून आणायचा, हे आमच्या सरांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने स्वतः गोळा केलेल्या वनस्पती वाळवून कागदावर चिकटवायच्या, त्या हर्बेरियम शीट द्यायच्या आणि त्यांत एक नेचा, म्हणजे फर्न, पाहिजेच. तोही अख्खा पाहिजे. जमिनीतलं आडवं खोड, त्यावरची पानं, निदान एक कोवळं गुंडाळलेलं पान, आणि एक पान उलटं चिकटवलेलं, म्हणजे त्याच्या पाठीवरचे बीजाणूंचे ठिपके परीक्षकांना दिसतील. हे सगळं सरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहून दिलं आणि हात झटकले. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं होतं. कॉलेजच्या बागेत नेच्याच्या तीन कुंड्या होत्या, त्यांतल्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पावसाळ्यातल्या सहलीतून बाकीच्यांनी आपापले नेचे आणून ठेवले होते. मी सहलीला गेले नव्हते, कारण तेव्हा आमच्या घरी केळीची लावण चालू होती आणि माझे हात तिथे हवे होते. तेव्हा ज्याने हा अभ्यासक्रम ठरवला त्याच्यावर, सरांवर, केळीवर आणि उन्हावर, अशी सगळ्यांवर मी त्या महिन्यात एकाच वेळी चिडलेली होते.

चिडायचं कारण साधं होतं. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागे. ते गेलं तर वर्ष गेलं. आणि मला चौथं वर्ष मिळणार नव्हतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला धुळ्याला पाठवताना थोरल्या काकांना सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की तीन वर्षं, त्यावर एक दिवस नाही. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. नानांचा शब्द मोडला असता तर तो माझ्या एकटीमुळे मोडला नसता, माझ्यामागे ज्या दोन चुलत बहिणी शाळेत होत्या त्यांच्याही वाटेवर काटा पडला असता. हे मला कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मी राहायची मावशीकडे. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे ओटा. मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेला की मांडणीवरची पितळी डबडी एकमेकींना लागून किणकिणायची, आणि ट्रक तर थांबतच नसत. मावशीचे यजमान एसटीत होते, चार दिवस बाहेर आणि एक दिवस घरी झोपलेले. मावशीचं माहेर आमच्याच बाजूचं, तरी वीस वर्षांत ती पुरती धुळ्याची झाली होती आणि अहिराणीत रागावायची. तिच्या हाताला चव अशी, की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि नुसता मिरचीचा ठेचा वाढला तरी पोट भरल्यावर आणखी एक चतकोर घ्यावीशी वाटे. त्या दिवसांत ओट्यावर तिच्या बिबड्या वाळत असायच्या, ज्वारीचे ते पातळ मोठे पापड, आणि त्यांच्यावर चिमण्या बसू नयेत म्हणून मी वाचता वाचता काठी आपटत असे. माझ्या जर्नलमधल्या कितीतरी आकृत्या काठी आपटताना हललेल्या आहेत.

शेवटी नेचा मिळाला तो सोनगीरला. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथली. तिने सांगितलं, आमच्या मळ्यात दगडी पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तिच्या आत सावलीला असलं काहीतरी हिरवं लोंबतं. एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले. गावातल्या गडाच्या बाजूला सगळं पिवळं, करपलेलं, आणि विहिरीच्या दहा पायऱ्या उतरल्या की अंगावर शहारा येईल असा गारवा. दगडांच्या सांधीसांधीतून नेचे बाहेर आले होते. मी तीन वर्षं ज्याची चित्रं काढली ते झाड प्रथमच जिवंत पाहत होते. नेच्याची गंमत अशी, की वर जे दिसतं ते सगळं पानच असतं. खोड मातीत किंवा दगडाच्या फटीत आडवं पडलेलं, तपकिरी खवल्यांनी झाकलेलं. त्यातून वर येणारी ती लांब दांडी म्हणजे फांदी नव्हे, पानाचा देठ. तिच्या दोन्ही अंगांना ओळीने बसलेल्या हिरव्या पट्ट्या म्हणजे वेगवेगळी पानं नव्हेत, एकाच पानाचे भाग, त्यांना पर्णिका म्हणतात. त्या पर्णिकांनाही पुन्हा करवतीसारख्या खाचा. आणि नवं पान उमलायच्या आधी टोकाकडून आत असं गुंडाळलेलं असतं, जशी घड्याळातली कमान. मी पान उलटं केलं. पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना राजगिऱ्याच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके, कुणी मोजून मांडावेत इतके ओळीत. मला त्या पायरीवर बसून राहावंसं वाटलं. पण बस चुकली असती.

नेचा नुसता आणून भागत नाही. तो वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून, वर वजन ठेवून वाळवायचा, आणि ओल शोषलेले कागद रोज बदलायचे. मी सगळ्या गल्लीतली रद्दी मागून आणली. वजनाला मावशीचा पाटा घेतला, कारण घरात त्याच्याएवढं सपाट आणि जड दुसरं काही नव्हतं. पहिल्या दिवशी मावशीने ते चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने कमरेवर हात ठेवले. "बठ्ठा घरमां तुना पेपरच शेतस," सगळ्या घरावरून हात फिरवत ती म्हणाली. "आनि मसाला काय डोकावर वाटू का मी?" मग आमचा असा समझोता झाला, की सकाळी तासभर पाटा तिचा, उरलेला दिवस माझा. तासभर वजन नसलं तर नेच्याला काही होणार नाही असं मला वाटलं. वनस्पतिशास्त्र म्हणून पाहिलं तर ते बरोबरच होतं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी नाना आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मुलीची शेवटची परीक्षा आहे, आपण जवळ असावं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्यावर केळीची फणी घेऊन दारात उभे राहिले. नानांना रिकामं बसता येत नसे. शेतात त्यांचा हात सतत कशाला तरी लागलेला, एखादं वाळकं पान ओढ, केळीच्या बुडाशी फुटलेला एखादा पिला काढ. धुळ्याच्या दोन खोल्यांत त्यांच्या हाताला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात होते, मावशीने मसाल्यासाठी पाटा उचललेला होता, आणि नानांना वाचायला पेपर हवा होता. समोर पेपरचा गठ्ठाच होता. त्यांनी वरचा उचलला.

मी दुपारी आले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, चेहऱ्यावर काम पुरं केल्याचं समाधान. गठ्ठा नीट रचलेला, वर पाटाही ठेवलेला. ते म्हणाले, "बाई, तुझ्या पानाले करपा लागेल होता. मी सगया काढून टाकला."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी पाटा ढकलून पेपर उघडले. केळीच्या पानावर करपा नावाचा रोग येतो, त्याचे असेच तपकिरी ठिपके पडतात. त्यावर आमच्याकडे सगळे एकच करतात. जिथे ठिपके आहेत तेवढा पानाचा भाग कापायचा आणि बागेबाहेर नेऊन जाळायचा, म्हणजे तो पसरत नाही. नानांनी आयुष्यभर हेच केलेलं. इथेही त्यांनी आधी ओल्या उपरण्याच्या टोकाने ठिपके पुसले, मग नखाने खरवडले, आणि जे निघाले नाहीत तेवढ्या पर्णिका माझ्याच प्रॅक्टिकलच्या ब्लेडने देठाशी कापल्या. कापलेलं सगळं गोळा करून मावशीच्या चुलीत घातलं. जी पानं राहिली होती ती स्वच्छ होती. मधे मधे दात पडलेल्या फणीसारखी, पण अगदी स्वच्छ.

मी नानांवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. तुम्हाला काय समजतं यातलं, असं म्हणाले. माझी परीक्षा बुडवलीत, असं म्हणाले. मावशी आतून येऊन दारात उभी राहिली, शेजारच्या बायका ओट्यावर आल्या, आणि मी बोलतच राहिले. इतकं बोलले, पण ते ठिपके काय होते हे मात्र सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी त्या दिवसाकडे पाहताना मला चीड येते ती याची. पुढे मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं एकच गोष्ट तिसऱ्यांदा चुकली तरी मी चौथ्यांदा समजावत असे. आणि ज्या माणसाने मला शिकायला पाठवलं, त्याला शिकलेलं सांगायला दोन वाक्यं पुरली असती, ती मला सुचली नाहीत. नाना मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी फक्त विचारलं, हे पान कुठून आणलं. सोनगीरच्या मळ्यातल्या विहिरीतून, असं मी तिरसटपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण गुंडाळलेलं. "दाजी सकायमांच ग्यात. पोतडं लिसन ग्यात," मावशी नानांबद्दल म्हणाली आणि माझ्यापुढे चहा आदळला. ती माझ्याशी कालपासून धड बोलत नव्हती. परीक्षा दुसऱ्या दिवसावर आलेली. मी जर्नल उघडून बसले आणि एक अक्षर वाचलं नाही. ऊन चढलं, बिबड्या वाळून कडक झाल्या, चिमण्या येऊन त्यांचे कोपरे टोचून गेल्या आणि मी काठी आपटली नाही.

दुपारी नाना आले. पाठीवर गोणपाटाचं ओलं पोतं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, कोपराला खरचटलेलं. पोतं त्यांनी केळीचा घड उतरवतात तसं हळूच खाली ठेवलं, तोंड सोडलं आणि मला म्हणाले, "आता पाहा." मी पाहिलं. खोडं मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट. कमानीसारखी गुंडाळलेली कोवळी पानं एक सोडून पाच. उमललेली पानं लांब, ताठ, रसरशीत. मी एकेक उलटं करत गेले. पहिल्यावर ठिपके नव्हते. दुसऱ्यावर नव्हते. सातव्यावरही नव्हते. नाना बाजूला उकिडवे बसून अभिमानाने सांगत होते, की त्या विहिरीत रोग फार आहे, निम्म्याहून जास्त पानं ठिपक्यांची. पण त्यांनी खालच्या पायरीपर्यंत उतरून, शोधून शोधून, एकही डाग नसलेलीच घेतली.

मी डोकं धरून जमिनीवर बसले. रडावं की हसावं कळेना. ओरडायची ताकद काल संपली होती. मावशी पोत्यापाशी आली आणि ओल जमिनीला लागते म्हणून तिने ते उलटं करून झटकलं. पोत्याच्या तळातून चोळामोळा झालेल्या पानांचा एक थर फरशीवर पडला. केळी गाडीत भरताना आमच्याकडे तळाला फाटकी, डागाळलेली पानं अंथरतात, म्हणजे वरचा चांगला माल खरचटत नाही. नानांनी सवयीने तेच केलं होतं. विहिरीतली रोगट पानं तोडून पोत्याच्या बुडाशी अंथरली होती. मी ती उलटी केली. बहुतेक दबून काळवंडली होती. पण दोन, कडेची, धड होती, आणि त्यांच्या पाठीवर टोकापासून बुडापर्यंत ठिपक्यांच्या ओळी.

तेव्हा मी नानांना सांगितलं. कॉलेजचं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलं. हा रोग नव्हे. या झाडाला फूल येत नाही, फळ येत नाही. प्रत्येक ठिपक्यावर एक पातळ पडदा असतो, त्याखाली बारीक पिशव्यांचा घोस. पिशवी सुकली की ताणली जाते आणि फटकन फुटून आतली पूड उडवते. ती पूड ओल्या जागी पडली की तिच्यातूनच नवा नेचा होतो. नाना बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. खोड कुठं, पान कुठं, हे मी सांगू लागले तर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या केयीसारखंच. खोड खाली, वर दिसते ते सगयं पान." हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे काल मी बी जायलं," ते म्हणाले. माझी परीक्षा बुडवल्याचं त्यांना जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. शेतकऱ्याने बी जाळावं, याला त्यांच्याकडे माफी नव्हती.

पानं वाळवायला वेळ नव्हता, म्हणून ती पेपरच्या घडीत घालून इस्त्री केली. मावशीने कोळसे फुलवले, नानांनी पेपरची टोकं धरली, मी इस्त्री फिरवली. ठिपके घासले जाऊ नयेत म्हणून दाबून उचलायची, दाबून उचलायची. खोलीत ओल्या गवताचा आणि जळक्या कागदाचा वास भरला. संध्याकाळपर्यंत शीट तयार झाली. मधे खोड आणि गुंडाळलेलं पान, डावीकडे नानांनी निवडलेलं स्वच्छ पान, उजवीकडे बुडाचं ठिपक्यांचं, उलटं. शेवटी खालच्या कोपऱ्यात लेबल लावायचं. नाव, कुळ, ठिकाण, आणि गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं इंग्रजीत. शीट ज्याची त्याने स्वतः गोळा केलेली असावी, असा नियम होता. गोळा करणाऱ्याचं म्हणून मी माझं नाव लिहिलं. नाना खांद्यामागून पाहत होते. त्यांना मराठी चांगलं वाचता येई, इंग्रजी नाही. त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं काय लिहेल हाये?"

मी म्हणाले, "सोनगीर. विहिरीच्या गावाचं नाव."

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते आणि उन्हाने वैतागलेले. इतरांच्या शीट त्यांनी पत्ते टाकावेत तशा बाजूला टाकल्या. माझ्या शीटवर थांबले. सगळ्यांनी ठिपक्यांची पानं आणली, बिनठिपक्याचं मुद्दाम शेजारी लावलेलं हे एकच, असं म्हणाले. मग दोन्हींत फरक काय, पडदा कसा, पिशवी कशी फुटते, असं विचारत गेले आणि मी सांगत गेले. काल दुपारीच ते सगळं एकदा मराठीत सांगून झालेलं होतं, म्हणून अडखळले नाही. शेवटी त्यांनी विचारलं, ही पानं अशी निवडून कुणी वेगळी केली. तो क्षण मला अजून आठवतो, पंखा करकरत होता आणि दूर कुठेतरी नळ गळत होता.

"मीच, सर," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

नाना कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. त्यांनी मार्कांचं विचारलं नाही. ठिपक्यांचं पान घेतलं का त्यांनी, असं विचारलं. मी हो म्हणाले. मग, "आन् बिनठिपक्याचं?" मी म्हणाले, तेही घेतलं. ते एवढे खूश झाले, की मला रसाच्या गाड्यावर घेऊन गेले आणि बर्फ जास्त टाकायला लावला. निकालात मी पास झाले. नानांचा शब्द तीन वर्षांत पुरा झाला, आणि दोन्ही चुलत बहिणीही मागाहून धुळ्याला शिकायला आल्या, मावशीच्या त्याच दोन खोल्यांत.

उरलेला नेचा नाना घरी घेऊन गेले आणि आमच्या विहिरीच्या कठड्याखाली, जिथे पाणी पाझरत असे तिथे लावला. तो जगला. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी तिथे वाकायला लावलं, पान उलटं करून दाखवलं, रोग नाही म्हणून बजावलं. माझे सासरचे लोक पहिल्यांदा आले तेव्हाही चहाच्या आधी त्यांना विहिरीवर नेलं. मी कपाळाला हात लावत असे. नाना, पुरे झालं आता, असं किती वेळा म्हणाले असेन. कारण पानाचं सांगून झालं की ते पुढचं सांगत, आणि ते मला ऐकवत नसे. धुळ्याच्या कॉलेजात याचा कागद ठेवेल हाये, ते म्हणत, आणि त्याच्यावर त्या विहिरीच्या गावाचं नाव लिहेल हाये. समोरच्याचा विश्वास बसला नाही असं वाटलं, तर उजव्या हाताचं ते बोट वर करत. "मी सोता बोट ठेवून पाह्यलं."